संपूर्ण जिनोमची तपासणी स्वस्त झालीय. करून घ्यावी का?

‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हे शब्द आपल्यातल्या बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडले ते कोरोनात. नाशिकचे नमुने पुण्याला एनआयव्हीकडे जायचे आणि काही दिवसांनी पेपरात यायचं, की जिल्ह्यात डेल्टाचे इतके रुग्ण सापडले. त्या विषाणूचा जिनोम, म्हणजे त्याची सगळी आनुवंशिक माहिती, सुमारे ३० हजार अक्षरांचा. माणसाचा त्याच्या लाखपट, म्हणजे ३०० कोटी अक्षरांच्या वर. आणि आज तो अख्खा वाचून देतो म्हणणाऱ्या जाहिराती आपल्या मोबाइलवर येतात. नळीत लाळ भरा, कुरिअरवाला घरून घेऊन जाईल, रिपोर्ट अ‍ॅपवर.

मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शुगर, थायरॉइड, सीबीसी हे आमचं रोजचं काम. पण हल्ली रक्त द्यायला बसलेली माणसं बाहीचं बटण लावता लावता विचारतात, “मॅडम, ती पूर्ण जिनोमची टेस्ट एकदा करूनच टाकू का? आता स्वस्त झालीय म्हणे.” पुढचा पेशंट उभा असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगते. जिनोम वाचणं खरोखर स्वस्त झालंय. वाचलेल्याचा अर्थ लावणं मात्र तितकं सोपं झालेलं नाही, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत ते आणखी अवघड आहे. ज्या घरापुढे नेमका प्रश्न आहे त्यांच्यासाठी ही तपासणी मोठा आधार ठरू शकते. प्रश्नच नसेल तर पैसे राखून ठेवावेत.

आधी थोडं मूळ. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतला डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार रसायनांची लांबलचक माळ. हीच ती अक्षरं, आणि ही सगळी माळ म्हणजे आपला जिनोम. या माळेवर सुमारे २० हजार जनुकं आहेत. जनुक म्हणजे शरीरातलं एखादं प्रथिन कसं बनवायचं याची सूचना. प्रत्यक्ष प्रथिनाची सूचना लिहिलेला भाग सगळ्या माळेच्या एक-दोन टक्केच असतो. उरलेल्यातला काही भाग जनुकं कधी चालू-बंद व्हावीत ते ठरवतो, आणि बऱ्याच भागाचं काम अजून पुरतं उलगडलेलं नाही.

एका अक्षराने काय होतं ते सिकलसेल या रक्ताच्या आजारात स्पष्ट दिसतं. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा एक घटक बनवणारं जनुक आहे. त्यात एका ठिकाणी जीएजी अशी तीन अक्षरं असतात. मधल्या एच्या जागी टी आला, जीटीजी झालं, की हिमोग्लोबिनमध्ये एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला एक मणी, बदलतं. ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे दांडे बनतात, गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हे बदललेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर आजार. एकाकडूनच आलं तर माणूस वाहक: स्वतः बहुधा ठणठणीत, पण पुढच्या पिढीत ते जाऊ शकतं. ३०० कोटींतलं एक अक्षर, आणि त्यापायी पोराला आयुष्यभर रक्त कमी पडणं, हाडं ठणकणं, पुन्हा पुन्हा दवाखाना.

पण अक्षर बदललं म्हणजे आजार झाला, असं अजिबात नाही. तुमचा जिनोम तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण जिनोमशी ताडून पाहिला तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. माझाही तितकाच निघेल. त्यातले जवळजवळ सगळे फरक निरुपद्रवी असतात. या ढिगातून एखादा महत्त्वाचा फरक वेचून काढायचा, हे खरं काम.

किंमत कशी उतरली

१९७७ मध्ये फ्रेडरिक सँगर यांनी डीएनए वाचायची जी पद्धत बसवली, तिच्यात एकेक तुकडा वेगवेगळा वाचावा लागे. ह्यूमन जिनोम प्रोजेक्ट १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. सहा देश, १३ वर्षं आणि सुमारे २७० कोटी डॉलर. तेव्हासुद्धा सगळं वाचून झालं नव्हतं. उरलेला जवळपास ८ टक्के अवघड भाग २०२२ मध्ये पुरा झाला.

अमेरिकेची राष्ट्रीय जिनोम संशोधन संस्था दर जिनोममागे येणाऱ्या खर्चाची नोंद ठेवत आलीय. २००१ मध्ये हा खर्च १० कोटी डॉलरच्या आसपास होता. २००७ पर्यंत तो एक कोटीच्या घरात आला, आणि २००८ पासून तर अक्षरशः कोसळला. २०१४ मध्ये इल्युमिना कंपनीने हजार डॉलरमध्ये जिनोम वाचणारी यंत्रणा जाहीर केली आणि २०२२ मध्ये आणलेल्या यंत्रासाठी २०० डॉलरचा आकडा सांगितला. त्याच वर्षी अल्टिमा जिनोमिक्स नावाच्या कंपनीने १०० डॉलर म्हटलं.

या घसरणीमागे मुख्यतः एक कल्पना आहे: तुकडे एकामागून एक न वाचता कोट्यवधी तुकडे एकदम वाचायचे. केंब्रिजचे शंकर बालसुब्रमणियन, जन्म चेन्नईचा, आणि त्यांचे सहकारी डेव्हिड क्लेनरमन यांनी नव्वदच्या दशकात ती बसवली, १९९८ मध्ये सोलेक्सा नावाची कंपनी काढली आणि २००७ मध्ये ती इल्युमिनाने घेतली.

प्रत्यक्षात होतं ते असं. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, म्हणजे आम्ही सीबीसीला वापरतो त्याच ट्यूबमध्ये, रक्त घेतात. पांढऱ्या पेशींतून डीएनए वेगळा काढतात आणि त्याचे बारीक तुकडे करतात. काचेच्या एका पट्टीवर हे तुकडे चिकटवून प्रत्येकाच्या जागच्या जागी शेकडो प्रती काढतात. मग रंगाने चमकणारी अक्षरं सोडतात. प्रत्येक तुकड्यावर एका वेळी एकच अक्षर बसतं, कॅमेरा पट्टीचा फोटो घेतो, रंगावरून अक्षर कळतं, रंग धुऊन पुढचं अक्षर. अशा दीडशेएक फेऱ्या झाल्या की प्रत्येक तुकड्याची दीडशे अक्षरं हातात येतात, आणि असे तुकडे अब्जावधी.

आता हे जुळवायचं कसं? एकाच दिवसाच्या पेपरच्या ३० प्रती घेतल्या, सगळ्या फाडून दोन-तीन शब्दांचे कपटे केले आणि एकत्र कालवले, असं समजा. हाताशी एक न फाडलेला अंक आहे. एकेक कपटा त्या अंकावर ठेवून तो कुठला ते शोधायचं. तीसही कपट्यांवर त्या जागी तेच वेगळं अक्षर दिसलं तर फरक खरा. निम्म्यांवर दिसलं तर तो आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच आलेला. एखाद्याच कपट्यावर दिसलं तर वाचण्यातली चूक. रिपोर्टवर ‘३०एक्स’ असं लिहितात ते याच अर्थाने, प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली. आणि पेपरात एकच जाहिरात पाच पानांवर छापली असेल तर कपटा कुठल्या पानाचा ते कळत नाही. जिनोममध्येही तेच तेच लिहिलेले पट्टे असतात आणि तिथे ही पद्धत चाचपडते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी हा स्नायू दुबळे करणारा आजार, ज्याच्या १६ कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या आपण वाचल्या, त्याच्या जनुकाला जवळपास तंतोतंत सारखं दुसरं जनुक शेजारीच आहे. त्यामुळे त्या आजारासाठी आजही बहुधा वेगळी खास तपासणी करतात. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारासारख्या, तीन अक्षरं पुन्हा पुन्हा आल्याने होणाऱ्या आजारांचंही तसंच. तेव्हा ‘संपूर्ण जिनोम नॉर्मल’ याचा अर्थ ‘कुठलाच आनुवंशिक आजार नाही’ असा कुणी काढू नये.

यंत्र महाग असतं आणि एका फेरीत अनेक जणांचे नमुने एकत्र घातले तरच दर उतरतो. म्हणूनच नाशिकमध्ये घेतलेलं रक्त बहुधा मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबकडे जातं आणि रिपोर्टला काही आठवडे लागतात. दुसरं असं, की १०० किंवा २०० डॉलर हा आकडा मुख्यतः यंत्रात लागणाऱ्या रसायनांचा. यंत्राची किंमत, माणसांचे पगार, शंभरेक जीबी डेटा साठवणं आणि सगळ्यात मोठं म्हणजे तज्ज्ञाने बसून तो वाचणं, हे त्याच्या वर. आपल्याकडे रुग्णाला जो आकडा सांगितला जातो तो त्यामुळेच जाहिरातीतल्या आकड्याच्या कितीतरी पट असतो.

जाहिरात वाचताना आणखी एक गल्लत होते. ‘डीएनए टेस्ट’ या एका नावाखाली तीन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली चिप. तिच्यात जिनोम वाचत नाहीत, आधीच ठरवलेल्या काही लाख जागा फक्त तपासतात. पूर्वज कुठले, केस कसे, कॉफी सोसते का, असे रिपोर्ट बहुधा यावरच बेतलेले असतात. दुसरी एक्झोम, म्हणजे प्रथिनांच्या सूचनांचा तो एक-दोन टक्के भाग. माहीत असलेले बहुतेक आनुवंशिक आजार इथल्याच बिघाडांतून होतात, म्हणून डॉक्टर सहसा ही लिहून देतात. खर्च साधारण १५ ते ३० हजारांच्या घरात. तिसरी संपूर्ण जिनोम, याहून महाग. यातलं नक्की काय देताय, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स्ड डीएनए प्रोफाइल’ असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका.

रिपोर्टवरची ती ओळ

सिन्नरकडचं एक जोडपं रिपोर्ट घेऊन आलं होतं. नवऱ्याच्या भावाचा तरुणपणीच हृदयविकाराने मृत्यू झालेला, म्हणून डॉक्टरांनी तपासणी सुचवली होती. रिपोर्ट इंग्रजीत, सहा-सात पानी. दोघांनी सगळी पानं चाळून एका चौकटीवर बोट ठेवलं. चौकटीत जनुकाचं नाव, बदललेल्या अक्षराचा क्रमांक आणि पुढे वर्गीकरण: अनिश्चित अर्थाचा बदल.

“म्हणजे आहे का नाही, ताई?” त्यांनी विचारलं.

याचं खरं उत्तर ‘आज सांगता येत नाही’ हेच होतं. जगभरातल्या लॅब सापडलेल्या प्रत्येक बदलाला पाच खणांपैकी एकात टाकतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या खणातल्या बदलावरून उपचार ठरवत नाहीत, ऑपरेशन तर मुळीच नाही. तरीही तो शब्द वाचून माणसं झोप घालवून बसतात. त्या दादांना मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे परत पाठवलं, कारण त्यांना खरी गरज होती ती दरवर्षी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. जनुकाने उत्तर दिलं नाही तरी हृदयाच्या भिंतीची जाडी मोजता येते.

बदल अनिश्चित का राहतो? एखादा बदल रोगकारक आहे की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न असतो, की निरोगी लोकांत तो किती जणांत सापडतो. पुष्कळांत सापडत असेल तर तो घातक असण्याची शक्यता कमी. पण हे ‘पुष्कळ लोक’ कुणाचे? जगातल्या जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. आपल्याकडे सर्रास असलेला बदल तिथे विरळा दिसतो, आणि विरळा म्हणून संशयास्पद ठरतो. अमेरिकेत हे घडलंय. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचे म्हणून ठरवलेले काही बदल प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांमध्ये सर्रास आढळणारे निघाले, आणि त्यांच्यातल्या काहींना चुकीचे रिपोर्ट दिले गेले होते, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

आपल्याकडचं उदाहरण उलट बाजूचं. एमवायबीपीसी३ या हृदयाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेला एक बदल दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे, म्हणजे दर पंचविसांत एकात. बाहेरच्या जगात तो जवळजवळ नाहीच. त्याने हृदय कमकुवत होण्याचा धोका वाढतो असं २००९ च्या भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं, आणि तरी तो असलेली पुष्कळ माणसं धडधाकट असतात. आपल्या लोकांचा डेटा नसता तर हा बदल नुसता ‘अत्यंत दुर्मीळ’ म्हणून रिपोर्टवर आला असता.

म्हणून मला आपल्या देशातलं काम फार मोलाचं वाटतं. २००९ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने पहिल्या भारतीय माणसाचा जिनोम वाचला. २०१९ मध्ये त्याच संस्थेच्या इंडिजेन प्रकल्पात हजारावर भारतीयांचे जिनोम वाचले गेले आणि सापडलेल्या बदलांपैकी साधारण एक तृतीयांश बदल जगातल्या तेव्हाच्या नोंदींत नव्हतेच. मग जैवतंत्रज्ञान विभागाचा जिनोम इंडिया प्रकल्प आला. २० संस्था, ८० हून अधिक समाजगट, १० हजार जिनोम. त्याचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुला झाला. दीडशे कोटींच्या आसपासच्या देशाला १० हजार अगदीच थोडे आहेत. ब्रिटनने यूके बायोबँक या एकट्या संशोधन प्रकल्पात जवळपास पाच लाख जिनोम वाचलेत. पण सुरुवात झालीय, आणि आज अनिश्चित असलेल्या कितीतरी ओळी यामुळेच पुढे निश्चित होतील.

आपल्याकडे मोठ्या संख्येइतकीच समाजगटांची विविधता का लागते? कारण आपण शतकानुशतकं जातीत लग्नं केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६० हून अधिक समाजगट तपासले. त्यांतले ८१ असे निघाले, की मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याची त्यांच्यातली खूण याबाबत जगात ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक होती. अशा समाजात एखाद्या जुन्या पूर्वजाचा बिघडलेला बदल अनेक घरांत पोचलेला असतो, आणि नवराबायको नात्यातले नसूनही दोघांकडे तोच बदल असू शकतो. वैश्य समाजातल्या काहींना भूल देताना वापरलं जाणारं सक्सिनिलकोलीन हे औषध पचवता येत नाही आणि स्नायू लवकर सैलावलेल्या स्थितीतून बाहेर येत नाहीत, हे भूलतज्ज्ञांना ठाऊक असलेलं जुनं उदाहरण. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांत ही शक्यता आणखी वाढते. सख्ख्या आते-मामे भावंडांचा सरासरी आठवा हिस्सा डीएनए सारखाच असतो. हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. लग्न ठरलेलं असेल किंवा झालेलं असेल तर वाहक तपासणी आधी करून घ्यावी, एवढ्यासाठी सांगते.

आजोळची माहिती

नाशिककरांना वंशावळीचं नवल नाही. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी क्रियाकर्माला गेलं की तीर्थपुरोहित गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि पणजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. जनुकतज्ज्ञही पहिल्या भेटीत वंशावळच काढतात, कोऱ्या कागदावर. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत काळं, वारलेल्यावर तिरकी रेघ, नात्यात लग्न असेल तर जोडणारी दुहेरी रेघ. निदान तीन पिढ्या. पण त्या वह्यांतली साखळी मुख्यतः वडिलांकडून चालते, आणि डॉक्टरांना आईची बाजूही तितकीच हवी असते. बरीच घरं इथेच अडतात.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. डूशेन हा स्नायूंचा आजार आणि हिमोफिलिया हा रक्त नीट न गोठण्याचा आजार, हे दोन्ही एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांचे. ते बहुधा आईकडून मुलाकडे येतात आणि आई स्वतः सहसा बरी असते. त्यामुळे “एक मामा होता, पण तो लहानपणीच गेला, चालता येत नव्हतं त्याला” हे आजीचं वाक्य अख्ख्या रिपोर्टला दिशा देऊ शकतं. दुसरं, स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी जोडलेले बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांमधले बदल वडिलांकडूनही येतात. आत्याला चाळिशीत स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ती माहिती भाचीच्या कामाची आहे. आपल्या घरांत कर्करोगाचं नाव घेत नाहीत, ‘गाठीचं दुखणं’ म्हणून सोडून देतात. तपासणीला जायच्या आधी मोठ्या मावशीला, आत्याला एक फोन करा: कोण, कितव्या वर्षी, कशाने. याला पैसा लागत नाही, आणि हे नसेल तर महागडा रिपोर्टही अर्धाच उरतो.

मग संपूर्ण जिनोम किंवा एक्झोम कुणी करावं? सगळ्यात आधी, ज्या मुलाच्या आजाराचं नावच सापडत नाही त्याने. वाढ खुंटलीय, फिट येतात, एमआरआय झाला, तीन शहरांतले डॉक्टर झाले, निदान नाही. अशांना इथे उत्तर मिळायची खरी शक्यता असते. ब्रिटनच्या एक लाख जिनोम प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात दुर्मीळ आजारांच्या सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांना निदान मिळालं. चौघांतल्या तिघांना नाही मिळालं, हेही तितकंच लक्षात ठेवा. आईबाबांचंही रक्त मुलाबरोबर तपासलं तर उत्तर मिळायची शक्यता वाढते, कारण मुलातला बदल नव्याने झालाय की कुणाकडून आलाय ते लगेच कळतं. नुसतं नाव कळूनसुद्धा खूप काही हाती लागतं: नको ती औषधं थांबतात, पुढच्या बाळंतपणात धोका किती ते सांगता येतं, कधी कधी उपचारही सापडतो. याखेरीज कमी वयात कर्करोग किंवा अचानक हृदयविकाराचे मृत्यू झालेली कुटुंबं, आणि आधीचं बाळ आनुवंशिक आजाराने गमावलेली जोडपी.

आणि कुणी करू नये? सिकलसेल किंवा थॅलेसिमियाचा वाहक आहे का, एवढंच बघायचं असेल तर जिनोम कशाला? एचपीएलसी नावाची हिमोग्लोबिनची तपासणी हजाराच्या आसपास होते. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झालीय आणि सरकारी दवाखान्यांत सिकलसेलची तपासणी मोफत होते. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक या आदिवासी भागातल्या तरुणांनी लग्नाआधी ती करून घ्यावीच, आणि थॅलेसिमियाची शहरातल्यांनीही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक शक्यता बाळाला आजार होण्याची. ही माहिती वेळेत मिळाली तर पुढे काय करायचं ते ठरवायला मार्ग असतात.

मुलाचा ‘टॅलेंट’ डीएनएतून सांगतो, इंजिनिअर व्हावं की खेळाडू ते सांगतो, असं म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. बुद्धी, कल, जिद्द हे हजारो जनुकं आणि घर-शाळा-संधी यांतून घडतं. तिथे आज जनुकांवरून एका मुलाबद्दल काहीही कामाचं सांगता येत नाही. दहा वर्षांच्या पोरावर असा शिक्का मारणं मला अन्याय वाटतो. मधुमेहाच्या ‘जनुकीय धोका गुणांकां’बद्दलही, म्हणजे अनेक बदल एकत्र मोजून काढलेल्या धोक्याच्या आकड्यांबद्दलही, जरा थांबा. ते मुख्यतः युरोपीय लोकांवरून काढलेले असतात आणि आपल्याला तितके लागू पडत नाहीत. आईवडिलांना मधुमेह असेल तर धोका आहे, हे जिनोम न वाचताही माहीत असतं.

औषधांचा मामला वेगळा आहे, आणि त्याबद्दल मी आशावादी आहे. हृदयात स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल हे औषध देतात. ते शरीरात गेल्यावर यकृतातल्या एका विकराने (एन्झाइमने) बदलल्यावरच काम करतं. त्या विकराचं जनुक, सीवायपी२सी१९, मंद असणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत आणि त्यांच्यात हे औषध कमी पडू शकतं. पर्यायी औषधं उपलब्ध आहेत. अशा तपासण्यांना अख्खा जिनोम लागत नाही, तेवढंच जनुक पाहता येतं. हृदयरोगतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही.

लाळेबरोबर काय काय जातं

रक्तातली शुगर उद्या बदलते, जिनोम बदलत नाही. आणि तो तुमच्या एकट्याचा नसतो. मुलांचा आणि सख्ख्या भावंडांचा साधारण निम्मा तुमच्यासारखाच. अमेरिकेत २०१८ मध्ये पोलिसांनी कित्येक दशकांपूर्वीचा खुनी पकडला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून. तिथे खुनी सापडला हे चांगलंच झालं, पण ज्यांनी डीएनए दिला त्यांना असं काही होईल याची कल्पना नव्हती. ट्वेंटीथ्री अँड मी या प्रसिद्ध अमेरिकन कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. ग्राहकांचा डीएनए डेटा तेव्हा कंपनीची मालमत्ता म्हणून विक्रीला निघाला.

जनुकांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा स्वतंत्र कायदा अमेरिकेत २००८ मध्ये झाला. आपल्याकडे तसा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही जनुकीय माहितीला वेगळा, अधिक कडक दर्जा दिलेला नाही. आरोग्य विम्यात आनुवंशिक आजार म्हणून दावे नाकारू नका, असं आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने २०१८ मध्ये कंपन्यांना बजावलं, ते चांगलं झालं. तरी संमतिपत्र वाचल्याशिवाय सही करू नका. माझा नमुना किती वर्षं ठेवणार, डेटा संशोधनाला किंवा औषध कंपनीला देणार का, मी म्हटलं तर पुसणार का, ही तीन उत्तरं त्यात हवीतच. न विचारलेलं काही सापडलं, म्हणजे फिटची तपासणी करताना कर्करोगाचा धोका दिसला, तर सांगायचं का, हेही आधीच विचारतात. याची ८० हून अधिक जनुकांची एक यादी आंतरराष्ट्रीय पातळीवर वापरली जाते. ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हे नवराबायकोने घरी बोलून ठरवावं. माझा कल ‘हो’कडे आहे, कारण त्या यादीत काही उपाय करता येईल असेच आजार घेतलेले आहेत.

गर्भाच्या जनुकीय तपासणीला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा लागू होतो. मुलगा की मुलगी हे कुणी विचारूही नये, सांगूही नये.

आता जायचं कुठे? आधी बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन किंवा कर्करोगतज्ज्ञ, आणि त्यांच्या चिठ्ठीवर जनुकतज्ज्ञ. नाशिकहून सोयीचं मोठं सरकारी ठिकाण म्हणजे मुंबईचं केईएम रुग्णालय. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांत ते आहे, आणि या धोरणात यादीतल्या आजारांसाठी उपचाराला ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. जाताना मुलाचे सगळे जुने रिपोर्ट, फोटो आणि ती तीन पिढ्यांची माहिती बरोबर न्या. तपासणीच्या आधी एकदा आणि रिपोर्टनंतर एकदा समुपदेशन मिळणार का, ते विचारा. रिपोर्ट थेट अ‍ॅपवर टाकून मोकळी होणारी लॅब गंभीर आजारासाठी निवडू नका.

आणि रिपोर्टच्या पीडीएफबरोबर डेटाची फाइलही मागून घ्या. व्हीसीएफ नावाची फाइल छोटी असते, तिच्यात तुमच्यात सापडलेले सगळे बदल असतात. मूळ वाचन फास्टक्यू किंवा बॅम फाइलमध्ये असतं, ते मोठं, त्याला हार्ड डिस्क लागते. आज अनिश्चित असलेला बदल दोन-तीन वर्षांनी स्पष्ट झालेला असू शकतो, आज माहीत नसलेलं जनुक तोवर ओळखलं गेलेलं असू शकतं. तेव्हा पुन्हा रक्त द्यावं लागत नाही, त्याच फाइलचं नव्याने विश्लेषण करता येतं, आणि आधी उत्तर न मिळालेल्या काही घरांना ते अशा दुसऱ्या फेरीत मिळतं. लॅब फाइल किती वर्षं सांभाळते आणि या फेरविश्लेषणाचे वेगळे पैसे घेते का, हे पहिल्याच दिवशी विचारून पावतीवर लिहून घ्या.